ब्लॉक सोडा

आमची गाडी बिघडली ती पापलेटांपायी, हे मी कुणालाही सांगते. कृष्णकांतना, म्हणजे आमच्या ह्यांना, ते मान्य नाही. चेन्नईजवळच्या कोवलमहून मासे घेऊन येताना इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला तेव्हा मी म्हटलं, गाडी बाजूला घ्या. ते म्हणाले, मासे खराब होतील. आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रांशेजारी काढलेला हा माणूस. तिरुवान्मियूरच्या सिग्नलला गाडीनं पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि ती जी बसली ती बसलीच. मासे ऑटोनं घरी आणले. निदान ते तरी चांगले निघाले.

गाडी ओढून नेणाऱ्यानं झाकण उघडून बोट बुडवलं. तेलात पाणी गेलं होतं, आणि आत दुधाळ कॉफीसारखा चिखल झाला होता. सगळं इंजिन उघडून त्याचा ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतात तो मुख्य ठोकळा, आतून बाहेरून धुवावा लागणार होता. ब्लॉक अल्युमिनियमचा आहे, म्हणाला, तेव्हा राणोजींकडेच न्या. दुसरीकडे कुणाला देऊ नका.

अशी मी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या पुदुपेटच्या मागच्या एका गल्लीत राणोजीरावांच्या दारात उभी राहिले. चेन्नईत येऊन मला चोवीस वर्षं झाली, त्यातली एकवीस बँकेत गेली. तमिळ मला भाजी घेण्यापुरतं आणि भांडण्यापुरतं येतं. मी माझ्या भांडणाच्या तमिळमध्ये सुरुवात केली, तर तो पासष्टीचा, कपाळाला विभूती लावलेला माणूस हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाला, "या बाई, बस्सा. तुम्ही मराठी नव्हे कां?"

तंजावरकडचे मराठी लोक असतात हे मला ठाऊक होतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, घरात अजून मराठी टिकवून बसलेले. पण ते मराठी ऐकायची वेळ आली की माझा जीव कासावीस होतो. अर्धे शब्द पोथीतले, अर्धे तमिळ, आणि हेल असा की वाक्य संपलं की अजून चाललंय ते कळू नये. मी रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळात मुलांना मराठी शिकवते. चुकीचं मराठी कानावर आलं की मला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तोवर मी तो गुणच समजत होते.

राणोजींनी मला दुकान दाखवलं. मी दाखवा म्हटलं नव्हतं, पण त्यांना कुणाला घाई आहे हे दिसतच नाही. मागच्या बाजूला झाकणाची एक मोठी लोखंडी टाकी होती, खाली गॅसची शेगडी.

"हा सोडा," ते म्हणाले. "कॉस्टिक. लोखंडाचा ब्लॉक यांत रात्रभर ठेवला कीं सकाळीं नवा. पण तुमचा अल्युमिनियम. सोडा अल्युमिनियमास खातो. नुसता खात नाही, उकळतो, वायु सोडतो. तो वायु पेटला तर आम्ही पण नाहीं आणि तुम्ही पण नाहीं."

"मग टाकू नका," मी म्हटलं.

"टाकत नाहीं. अठ्ठावीस वर्षांत एक टाकला नाहीं."

भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर प्रत्येक गाडीचा नंबर आणि समोर काम, तमिळ अक्षरांत: ब्लॉक सोडा, ब्लॉक सोडा, हेड ब्रश, ब्लॉक सोडा. टाकीवर काम करणारा सेतुमाधव म्हणून पन्नाशीचा एक गृहस्थ होता. तो फळा वाचायचा आणि चेनपुलीनं ते ते धूड उचलून टाकीत सोडायचा. मराठीचा त्याला गंध नव्हता.

मग राणोजींनी मुख्य गोष्ट सांगितली. "बाई, हें काम माझी मुलगी करील. भव्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. मी हात लावणार नाहीं. नीट केलें तर पोंगलपासून दुकान तिचें. नाहीं केलें तर मी शटर पाडतों आणि जागा मेव्हण्यास देतों. त्यास तिथें बिर्याणीचें दुकान लावणें आहे."

"परीक्षा घ्यायला माझीच गाडी सापडली का?" मी म्हटलं.

"तुम्ही आपल्या लोकांतल्या," ते म्हणाले, जसं काही त्यानं माझी गाडी लवकर दुरुस्त होणार होती.

भव्या तेव्हा कॉम्प्रेसरच्या मागे उभी होती. एकतीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, कपाळावर गॉगल चढवलेला. तिची हकिगत मला पुढे तुकड्या तुकड्यांनी कळली. यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा केला आणि लगेच सिरुसेरीच्या एका कंपनीत लागली. तिथे सहा वर्षं कानाला फोन लावून परदेशातल्या लोकांच्या प्रिंटरच्या तक्रारी ऐकल्या. समोरचा कितीही बरळला तरी त्याला खोडून काढायचं नाही, ही तिथली पहिली शिकवण. दोन वर्षांपूर्वी तिनं ती नोकरी सोडली आणि वडलांना म्हणाली, मला हातानं काम करायचंय. तिची आई राजसबाई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. आणि वडलांनी तिला काय दिलं, तर दुकानाचा फोन. तुज फोन चांगला येतो, म्हणाले. पोरीनं फोन सोडून इतक्या लांब यावं आणि बापानं परत फोनच हातात द्यावा, हे ऐकून मला राणोजींचा भयंकर राग आला. तसा मला त्या महिन्यात सगळ्यांचाच राग येत होता.

कारण आमचे दिवस ऑटोत चालले होते. कृष्णकांतचा गुडघा बदललेला, आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं. टी. नगरात आमच्या घरापाशी ऑटोवाला आधी यायला तयार नाही, आला तर गल्लीत शिरायला तयार नाही, शिरला तर कृष्णकांत पाय आत घेईपर्यंत थांबायला तयार नाही. आणि हे ऑटोत बसून मला ऑटोच्या इंजिनाचा आवाज समजावून सांगणार.

म्हणून मी रोज फोन करायचे. भव्या उचलायची.

"झालं का गं?"

"अजून होऊन नाहीं, आंटी."

"काकू म्हण. आणि 'होऊन नाही' असं मराठीत नसतं. 'झालं नाही' म्हणावं."

"झालं नाही, काकू."

"का झालं नाही?"

इथे ती थोडी थांबायची. मग काहीतरी सांगायला लागायची, तेलाची वाट, प्लग, असं. त्यात एखादा शब्द अडायचा, मी तो पुरवायचे, पुढचं क्रियापद चुकायचं, मी ते सुधारायचे, आणि शेवटी ती तमिळमधलं 'बरं' म्हणायची, "सरि काकू," आणि फोन संपायचा. गाडीचं काय झालं ते मला कळायचंच नाही. ते का कळत नाही याचा विचार मी केला नाही. मला वाटायचं, मुलगी मंद आहे.

सहाव्या दिवशी मी कृष्णकांतना घेऊन समक्ष गेले. भव्या रबरी हातमोजे घालून जमिनीवर मांडी ठोकून बसली होती आणि आमचा ब्लॉक एका लाकडी पाटावर तिच्यापुढे होता. पहिल्यांदा रॉकेलनं चिखल काढला होता, आता अल्युमिनियमला चालणारं साबणाचं पाणी कोमट करून लावत होती. हातात दात घासायचा ब्रश होता. मी डोळे चोळून पाहिलं. दात घासायचाच.

"हे असं किती दिवस?" मी विचारलं.

"आमच्या कारखान्यात," कृष्णकांत म्हणाले, "ड्रिलला तारेचा ब्रश लावायचे. दहा मिनिटांत लख्ख."

भव्यानं गॉगल वर केला. "नको काका. तार मऊ धातूस ओरखाडते. जिथें वरचें झाकण, हेड, बसतें तो पृष्ठ सपाट नाहीं राहिला तर पुन्हा पाणी तेलांत जाणार. आणि घासायची चकती लावली तर तिची जी बारीक पूड येते, ती या तेलाच्या वाटांत जाऊन बसते. आम्हास दिसत नाहीं. गाडी सुरू केली कीं ती तेलाबरोबर बेअरिंगास जातें आणि..."

"'जाते'," मी म्हटलं. "पूड जाते. 'जातें' नव्हे, पूड स्त्रीलिंगी आहे."

"जाते," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं गिळलं. बेअरिंगचं काय होतं ते कृष्णकांतनी मला परतताना ऑटोत सांगितलं. ते म्हणाले, मुलगी बरोबर बोलत होती, मी उगीच बोललो. इतक्या वर्षांच्या संसारात ते असं किती वेळा म्हणाले असतील ते मी हाताच्या बोटांवर मोजू शकते.

पण माझी घाई काही कमी झाली नाही. त्या शुक्रवारी मंडळात मुलांची मराठी वक्तृत्व स्पर्धा होती. मी परीक्षक होते, आणि बक्षिसाची पुस्तकं, ढाली, चाळीस मुलांचा खाऊ, सगळं माझ्या घरी येऊन पडलं होतं. ते ऑटोतून कसं न्यायचं? मंगळवारी फोन केला, तर ब्लॉक अजून ब्रशखालीच. आणि राणोजी कुठे? तंजावरला. पुतण्याचं लग्न, गुरुवारी सकाळी येणार. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच दुकान दोन दिवस मुलीच्या हाती देऊन गेले होते.

बुधवारी अकराच्या सुमारास मी टी. नगरला साड्यांच्या दुकानांपुढे ऑटोत अडकले होते. दोन्ही बाजूंना बस, मागे हॉर्न, पुढे एक हातगाडी आडवी. तिथून मी फोन लावला. आवाज चढवल्याशिवाय मलाच माझं ऐकू येत नव्हतं. आता आठवून सांगते ते शब्दशः सांगते, कारण नंतर ते मला फार वेळा आठवले.

मी म्हटलं, "तुम्ही लोक किती दिवस ब्रशानं घासत बसणार आहात? पुरे झालं आता. ब्लॉक सोडा. मला गाडी शुक्रवारी हवी."

मग भव्या म्हणाली, "ब्लॉक... सोडा, काकू?"

"हो, सोडा. एकदाच काय ते सांगितलं ना." आणि मी फोन ठेवला, कारण हातगाडी हलली होती.

गुरुवारी सकाळी मी दुकानावर गेले. त्यांनी माझं ऐकलं असेल, घासणं थांबवून जोडायला घेतलं असेल, या समजुतीनं गेले. गल्लीतच एक वेगळा उग्र वास होता. दुकानाची दोन्ही शटरं पूर्ण वर होती, शेगडी बंद, टाकीवर झाकण नव्हतं. फरशीभर पाणी. मधोमध चेनपुलीला लटकवलेला एक काळपट, खरबरीत ठोकळा होता, आणि तो आमचा ब्लॉक आहे हे ओळखायला मला वेळ लागला. कडा झिजून गोल झाल्या होत्या. बोल्टच्या भोकांमधले आटे विरघळले होते. हेड जिथे बसतं तो पृष्ठभाग बोटानं चाचपला तर वाळूच्या कागदासारखा लागला असता, पण भव्यानं मला हात लावू दिला नाही.

"हातमोजे नाहींत तुम्हास," ती म्हणाली.

"हे काय केलंस तू?"

"तुम्ही म्हणालात, ब्लॉक सोडा."

मला काही कळेना. मी म्हटलं, सोडा म्हणजे सोडून द्या, घासणं सोडून द्या. मग मी बोलता बोलता फळ्याकडे पाहिलं. आमच्या गाडीच्या नंबरासमोर तिनं आधी लिहिलेलं पुसलेलं दिसत होतं, आणि त्यावर नव्यानं लिहिलं होतं, वरच्या तीन गाड्यांसारखंच. तमिळ अक्षरं मला कशीबशी वाचता येतात. ती दोन अक्षरं वाचता आली: सोडा.

सेतुमाधवनं मला तमिळमध्ये सांगितलं ते एवढं. दुपारी त्यानं फळा पाहून ब्लॉक टाकीत सोडला. दहाबारा मिनिटांत झाकण थडथडायला लागलं. तो वाकून झाकण उघडायला गेला, तर भव्यानं त्याला मागून दंडाला धरून बाहेर ओढलं, स्वतः शेगडीची नळी बंद केली, विजेची बटणं कुणाला दाबू दिली नाहीत, शटरं वर केली, गल्लीतल्या चहावाल्याला चूल विझवायला लावली. उकळी बसेपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही. मग लांबून साखळी ओढून ब्लॉक बाहेर काढला आणि अर्धा तास पाण्याचा पाइप धरून उभी राहिली. हे सांगताना त्यानं आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवून दाखवला. चेहरा शाबूत होता.

मी खुर्चीवर बसले. मला आधी गाडीचं वाईट वाटलं, हे खरं ते सांगते. मग राणोजी आले.

ते बसस्टँडवरून थेट आले होते. खांद्याला पिशवी, त्यात लग्नाचं तांबूल आणि केळीची पानं वर आलेली. त्यांनी ब्लॉक पाहिला, फळा पाहिला, टाकी पाहिली. पिशवी खाली ठेवली, कोपऱ्यातले हातमोजे घातले आणि ब्लॉकच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कोणीं लिहिलें?"

"मी लिहिलें, अप्पा," भव्या म्हणाली.

एवढंच. माझं नाव तिनं घेतलं नाही. मी तिथेच, तिच्यापासून तीन हातांवर बसले होते, आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी गप्प राहिले असते तर गप्प राहता आलं असतं. बँकेत एकवीस वर्षं काढली आहेत, कधी गप्प बसायचं ते मला समजतं. पण ती पोरगी कालपासूनच्या त्याच कपड्यांत होती. बाहीवर सोड्याचे पांढरे डाग होते.

"राणोजीराव, मी सांगितलं तिला," मी म्हटलं. "फोनवर. म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं. मी म्हटलं ब्लॉक सोडा, म्हणजे आता राहू द्या. तिनं सोडा ऐकलं."

राणोजींनी माझं म्हणणं तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं. ब्लॉक सोडा. मग माझ्याकडे पाठ करून मुलीला म्हणाले, "बाईंस माहीत नाहीं. तुज माहीत होतें कीं नाहीं?"

"होतें."

"अल्युमिनियम सोड्यांत गेला तर काय होतें?"

"माहीत होतें, अप्पा."

"मग पुन्हा विचारलें कां नाहीं?"

भव्या माझ्याकडे वळली. मग बोलली ती वडलांशी नाही, माझ्याशी, आणि आवाज न चढवता.

"काकू, तुम्ही मज नेहमीं 'तू' म्हणता. 'कर', 'सांग', 'म्हण'. तुम्हास सोडून दे म्हणायचें असतें तर तुम्ही 'सोड' म्हणाल्या असता. 'सोडा' म्हणालात. मज वाटलें, तुम्ही मज कधीं अहोजाहो करणार नाहीं, मग हा सोडा म्हणजे टाकीचाच सोडा. ब्रश पुरे, सोडा, शुक्रवारीं गाडी. सगळें जुळत होतें."

"तुम्ही लोक, म्हटलं होतं मी," मी म्हटलं. "तुम्ही सगळे."

"तें मज आवाजांत ऐकू येऊन नाहीं." ती क्षणभर थांबली. मी दुरुस्त करीन म्हणून थांबली हे मला कळलं. मी दुरुस्त केलं नाही, तशी ती पुढे म्हणाली, "तरी मज विचारायचें होतें. कोणता सोडा, म्हणून. पण तसेंच म्हटलें तर तुम्ही म्हणाल, असं मराठीत नसतं. म्हणून मी मनांत वाक्य नीट जुळवत होतें. तें जुळेपर्यंत तुम्ही फोन ठेवला. पुन्हा लावायची मज हिंमत झाली नाहीं. मोठ्या बाई, मराठी शिकवणाऱ्या, त्यांनीं दोनदां सांगितलें. मी टाकला."

आयुष्यात किती लोकांनी माझ्यापुढे अशी वाक्यं जुळवली असतील आणि जुळेना म्हणून गप्प बसले असतील, कोण जाणे. मला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ लाज.

राणोजींनी हातमोजे काढले. "हेंच," ते म्हणाले. "हेंच मज पाहायचें होतें. ब्रश धरायला कोणीं पण शिकतें. गिऱ्हाईक चूक सांगतें, ओरडतें, घाई करतें. त्यास नाहीं म्हणतां येत नाहीं त्यानें टाकीपाशीं उभें राहूं नये. आज सेतुमाधवाचे डोळे गेले असते." त्यांनी शटरचा आकडा हातात घेतला. "पुरे झालें. मेव्हण्यास सांगतों."

आता मात्र माझा पारा चढला, आणि या खेपेला तो योग्य कारणासाठी चढला. मी म्हटलं, डोळे गेले असते, पण गेले नाहीत, ते कुणामुळे? सेतुमाधवला बाहेर कुणी ओढलं? शेगडी कुणी बंद केली? तुमच्यासारखी अठ्ठावीस वर्षं नसताना, वडील गावाला, समोर टाकी उकळतेय, तिनं एक माणूस भाजू दिला नाही. मी टाकीत पाणी ओतायला सांगितलं असतं, आमच्या ह्यांनी तर हात घातला असता. तुम्ही तिला दोन वर्षं फोनपाशी बसवलंत. फोनवर नाही म्हणायला सिरुसेरीत शिकवत नाहीत, आणि तुम्हीही शिकवलं नाहीत.

एवढं सगळं मी शुद्ध मराठीत बोलले आणि सेतुमाधवला अक्षर कळलं नाही, तरी तो भव्याकडे बोट दाखवून मान हलवत राहिला.

राणोजी स्टुलावर बसले. आकडा त्यांच्या मांडीवर आडवा होता.

"दुसरा ब्लॉक या बाजारात मिळेल ना?" मी विचारलं. "जुना, चांगला?"

"मिळेल."

"मग तो तिनंच धुवावा. माझ्यासाठी." आणि माझी जीभ तेवढ्यावर थांबली असती तर मी अलकनंदा कसली. मी भव्याकडे वळले. "पण काय आहे, उद्याची स्पर्धा जाऊ दे, मी काहीतरी करीन. पुढच्या गुरुवारपर्यंत दे. ह्यांना डॉक्टरकडे न्यायचंय. तेवढं करच तू, म्हणजे..."

"नाहीं," भव्या म्हणाली.

राणोजींनी मान वर केली.

"नाहीं, काकू. पुढच्या गुरुवारीं होणार नाहीं. जुना ब्लॉक म्हणजे आंत कुणाचें काय बसलें असेल माहीत नाहीं. सगळे प्लग, वाटांचीं बुचें, काढायचे, वाटा धुवायच्या, हवा मारायची, पुन्हा पाहायचें. मग लायनरांस, आंतल्या लोखंडी नळ्यांस, लगेच तेल, नाहीं तर गंज. बारा दिवस लागेल. तेराव्या दिवशीं मीच फोन करीन. मध्यें तुम्ही करूं नका. केला तर मी उचलणार नाहीं."

बारा दिवस लागतील. अनेकवचन आहे. ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, आणि मी ते दातांखाली धरून ठेवलं. ती माझ्याकडे सरळ बघत होती आणि मला नाही म्हणत होती, तिच्या वडलांच्या मराठीत, एकही शब्द न जुळवता. चोवीस वर्षांत या शहरात मला इतकं स्पष्ट नाही कुणी म्हटलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं.

राणोजी उठले. शटरचा आकडा त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला परत अडकवला आणि लग्नाची पिशवी उचलली. "मी घरीं जातों," मुलीला म्हणाले, "आंघोळ नाहीं, जेवण नाहीं. गिऱ्हाईक तूं पाहा." आणि दुकानात उभ्या असलेल्या त्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे माझ्याकडे, एकदाही न बघता ते गल्लीतून चालायला लागले.